‘तुमच्यासारख्या’ लोकांचं गाणं

मंडळी, गाण्यांच्या कुठल्याही ॲपवर जा, या ना त्या शब्दांत एक वाक्य भेटतंच... तुमच्यासारख्या लोकांना हे आवडलं, तुम्हालाही आवडेल. किती गोड ना! कुणीतरी आपल्या आवडीचं ताट वाढून समोर आणून ठेवतंय, आपण फक्त इअरफोन खुपसायचे. माझं म्हणणं असं की आपल्या कानांचं जेवढं वाटोळं या एका वाक्यानं केलंय तेवढं रिमिक्सनं केलं नाही, डीजेनं केलं नाही आणि ज्यांच्या नावानं आपण उठसूट बोटं मोडतो त्या रील्सनंही केलं नाही. मशीनला शिव्या घालायचा माझा विचार नाही (मशीनवरच पोट भरतो, परवडणार नाही :-)). माझं भांडण आहे त्या ‘तुमच्यासारख्या’ या शब्दाशी. हे माझ्यासारखे लोक म्हणजे नेमके कोण, हे कुणी विचारतच नाही.

आधी हे प्रकरण चालतं कसं ते सांगतो. समजा तुम्ही शंभर गाणी ऐकली, मीही शंभर ऐकली आणि त्यातली ऐंशी दोघांची सारखीच निघाली. मग तुमची उरलेली वीस मला सुचवायची आणि माझी वीस तुम्हाला. झालं! हेच गणित कोट्यवधी लोकांवर आणि कोट्यवधी गाण्यांवर लावायचं. त्यात गाण्याचा ठेका, पट्टी, आवाजाचा पोत वगैरे मोजून आणखी मसाला घालतात, काही ठिकाणी पगारी माणसंही याद्या बनवतात, पण गाभा हाच. या गणिताचं एक जुनं दुखणं आहे, आमच्या धंद्यात त्याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. डिसेंबरात सकाळी जुनी स्कूटर किक मारमारून सुरू होत नाही ना, तसंच. जे गाणं अजून कुणीच ऐकलेलं नाही त्याबद्दल गणिताकडे माहिती नाही. माहिती नाही म्हणून ते सुचवलं जात नाही, आणि सुचवलं जात नाही म्हणून कुणी ऐकत नाही. बसा किका मारत.

हे नुसतं पुस्तकातलं दुखणं नाही. संगीताच्या धंद्याचे आकडे ठेवणाऱ्या ल्युमिनेट या कंपनीच्या मोजणीनुसार २०२३ साली जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर सुमारे १८ कोटी ४० लाख ध्वनिमुद्रणं होती आणि त्यातली साडेचार कोटींहून जास्त त्या वर्षात एकदाही वाजली नाहीत. एकदाही!! आता यात भरमसाठ कचरा असणार हे मलाही कळतं. पण साडेचार कोटींमधला सगळाच्या सगळा कचरा? त्यात २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केला की मागच्या बारा महिन्यांत गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याला मानधनाच्या वाटपात हिस्सा नाही. म्हणजे ज्याला आधीच कुणी विचारत नाही त्याच्या वाट्याचे चार पैसेही ज्याला सगळे विचारतात त्याच्याकडे जाणार. एखाद्या तालुक्याच्या गावात बसून वेगळं काही करू बघणाऱ्या पोरानं काय करायचं? हजार कान आणायचे कुठून?

बरं, आता मूळ मुद्द्यावर येतो. ‘तुमच्यासारखे’ कोण?

पुण्यात एका ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर मी एकदा वामनदादा कर्डकांचं नाव घेतलं. आठ जण होते, सगळे मराठी, सगळे इंजिनिअर, दोघं तर शास्त्रीय संगीत शिकलेले. आठातल्या सहांनी नावच ऐकलेलं नव्हतं. वामनदादा (१९२२–२००४) म्हणजे कुणी कोपऱ्यात बसून दहा-बारा गाणी लिहिलेला माणूस नव्हे. हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली आणि महाराष्ट्रातल्या लाखो घरांत ती तोंडपाठ आहेत. ही गाणी ॲपवर नाहीत का? ढिगानं आहेत. मग या सहा जणांपर्यंत पोचली का नाहीत? कारण ते ज्या गल्लीत वाढले, ज्या शाळेत गेले, ज्यांच्या लग्नांना गेले, तिथं ती कधी वाजलीच नाहीत. आणि मशीननं त्यांच्यासाठी ‘त्यांच्यासारखे’ शोधले ते त्याच गल्लीतले, त्याच शाळेतले.

मशीनला जात कळत नाही, मान्य. कळायची गरजही नाही. आपण काय ऐकत आलो हे आपलं घर, आपली आळी, आपली जात आधीच ठरवून बसलेली असते. मशीन फक्त त्या कुंपणाच्या आत नांगर फिरवतं आणि वर आपल्याला सांगतं की बघा, तुमची आवड किती छान ओळखली! आपण खूश. आणि हे दोन्ही बाजूंनी खरं आहे हं. माझ्या गावाकडच्या ज्या मित्राच्या फोनमध्ये रात्रंदिवस भीमगीतं वाजतात त्याला कुमार गंधर्व कुणी सुचवत नाही. का बरं? त्याला आवडणार नाही असं कुणी ठरवलं? कुणीच नाही. नुसतं गणित.

माझं गाव रोहिणखेड. मोताळा तालुका, बुलढाणा जिल्हा, जवळची मोठी गाडी पकडायची तर मलकापूर. इतिहासाच्या पुस्तकात आमचं गाव १४३७ आणि १५९० च्या दोन लढायांपुरतं येतं, आणि १५८२ साली बांधलेली एक जुनी मशीद आहे तिच्यासाठी. संगीताच्या पुस्तकात ते येणार नाही. पण ‘वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकणारा श्रोता’ म्हणून शहरात जे काही मिरवतात ना, तो श्रोता आमच्याकडे आपोआप तयार व्हायचा. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर पोरींची भुलाबाईची गाणी. भजनी मंडळाचा मृदंग वेगळा आणि तुकडोजी महाराजांच्या भजनांची खंजिरी वेगळी. एप्रिलमध्ये भीमजयंती. उरसात कव्वाली. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी. हळदीला बँडवाल्याचं काहीही, अगदी काहीही. आणि हे सगळं कर्ण्यावर. कर्ण्याला ‘तुमच्यासारखे’ माहीत नव्हतं. त्याच्या टप्प्यात जेवढी घरं आली तेवढ्यांनी ऐकायचं. पाटलाच्या वाड्यात कव्वाली घुसायची, मोहल्ल्यात भजन घुसायचं आणि वस्तीतलं गाणं सगळ्या गावावरून जायचं.

लगेच कुणीतरी म्हणेल, ‘वा रे वा, म्हणजे आता भोंग्याचे गोडवे!’ नाही हो. पेपरच्या आदल्या रात्री त्याच कर्ण्याखाली मी अभ्यास केलाय. रात्री दहानंतर तो बंद हवाच, कायदाही तेच सांगतो. त्यावरून गावागावांत भांडणं होतात, मिरवणुका अडवल्या जातात, हेही काही लपलेलं नाही. एकमेकांचं गाणं कानावर पडलं म्हणजे माणसं एकमेकांची झाली, असलं भाबडं काही मी म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की न मागता, आपलं नसलेलं गाणं कानावर पडण्याची सोय होती. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र इअरफोन आहे आणि प्रत्येक इअरफोनमध्ये ज्याचा तोच.

दुसरी सोय म्हणजे मेमरी कार्ड भरून देणारा मोबाइलवाला. ज्यांचं लहानपण २०१० च्या आसपास तालुक्याच्या गावात गेलं त्यांना हा माणूस आठवेलच. दहा-वीस रुपयांत कार्ड भरून द्यायचा. पायरसी होती, शंभर टक्के, आणि गाणाऱ्याला त्यातला एक छदाम मिळत नव्हता, तेव्हा समर्थन करायचा प्रश्नच नाही. पण त्या माणसाचं एक काम आजचं कुठलंही ॲप करत नाही. कार्डात जागा उरली की तो तुमच्याकडे बघायचा, जरा विचार करायचा आणि म्हणायचा, ‘हे बी ऐकून पाह्य, भाऊ. नाही आवडलं त पुढच्या बारीला काढून टाकू.’ असं करून आमच्या आठवीतल्या पोरांच्या कार्डात नुसरत फतेह अली खान आला, बॉब मार्ली आला, प्रल्हाद शिंदे आले (जे विठ्ठलाचं गायचे, बाबासाहेबांचं गायचे आणि कव्वालीही गायचे, आणि त्यात त्यांना कधी अडचण वाटली नाही). ती निवड ‘माझ्यासारख्यां’वरून केलेली नव्हती. त्याला स्वतःला एक गाणं आवडलं होतं आणि ते समोरच्याला ऐकवल्याशिवाय त्याला चैन नव्हती. बस्स. एवढीच पात्रता लागते.

आता नेहमीचे तीन आक्षेप.

पहिला : ‘गाणं चांगलं असेल तर आज ना उद्या लोकांपर्यंत पोचतंच.’ हा आक्षेप मला फार आवडतो, कारण याचं उत्तर मुंबईतच आहे. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तेव्हा नवी असलेली यंत्रं घेतली, त्यांच्यावर भैरव, ललत असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीनं ती तबकडी काढली. नाव, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी त्याच टीबी-३०३ नावाच्या डबड्यातून तसलेच पिळवटलेले आवाज काढले, त्याला ॲसिड हाउस म्हणतात आणि त्यावर अख्ख्या युरोपची एक पिढी नाचली. चरणजितना त्याचा पत्ता नव्हता, शिकागोला चरणजितचा नव्हता. २००२ साली एदो बौमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीत ती तबकडी सापडली. त्यानं २०१० मध्ये ती पुन्हा काढली आणि मग जगाला साक्षात्कार झाला. सत्तरी ओलांडलेले चरणजित युरोपात जाऊन वाजवून आले आणि २०१५ मध्ये मुंबईत वारले.

गोष्ट छान आहे, सिनेमा निघेल. पण मधली अठ्ठावीस वर्षं? मुंबई-पुण्यात तबकड्या गोळा करणारे दर्दी लोक काय कमी होते? गाणं चांगलं होतं, ते छापलंही गेलं होतं, दुकानात होतं. ‘अरे हे ऐक’ म्हणणारा एक माणूस तेवढा नव्हता, आणि तो यायला हॉलंडहून यावा लागला. ज्यांना एदो बौमन मिळाला नाही असे किती चरणजित रद्दीत गेले असतील याचा हिशोब कोण देणार?

दुसरा आक्षेप आपल्या काकालोकांचा : ‘छे छे, असले प्रयोग मराठी माणसाला रुचत नाहीत. आपलं ते नाट्यसंगीत, आपलं ते भावगीत. जुनं ते सोनं!’ काका, तुमचं सोनं एके काळी परदेशी पाहुणाच होतं हो. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी ज्या चाली दिल्या त्यातल्या बऱ्याचशा पूरब अंगाच्या ठुमरीवरून आलेल्या, म्हणजे थेट बनारस-लखनौकडचा माल. आज तीच शुद्ध मराठी परंपरा. १९३७ च्या ‘कुंकू’त शांता आपटे चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. संगीत केशवराव भोळे, चित्रपट शांतारामबापूंचा, आणि वर पार्श्वसंगीताऐवजी घरातले-रस्त्यावरचे खरे आवाज वापरायचं धाडस. १९७८ मध्ये थिएटर ॲकॅडमीनं पु.लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ आणलं, ब्रेख्तवरून बेतलेलं, आणि त्यात नंदू भेंड्यांचं रॉक आणि नाट्यपद एकाच रंगमंचावर नांदलं. आणि २०१६ चं ‘सैराट’? त्यातल्या गाण्यांमागे वाजणारा पाश्चात्त्य वाद्यवृंद अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन मुद्रित केला. पाश्चात्त्य सिंफनी हा शब्द आयुष्यात न उच्चारलेली माणसं त्या व्हायोलिनांवर रडली, माझ्या गावात रडली. मराठी माणसाला काय रुचत नाही हे परस्पर ठरवणारे लोक नेमके कुठले मराठी लोक बघून आलेत कोण जाणे.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे : ‘म्हणजे आता आम्ही काय ऐकायचं ते तू ठरवणार?’ अजिबात नाही. तो प्रयोग आपल्या देशात होऊन गेलाय आणि करणारा गृहस्थ मराठीच होता. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांनी ठरवलं की सिनेमाच्या गाण्यांनी देशाची अभिरुची बिघडते आहे, तेव्हा लोकांनी शास्त्रीय ऐकावं. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? शांतपणे रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. तिथं अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ घेऊन बसलेच होते. १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. (पेटीवर तर आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी ठेवली होती, आणि गावोगावची भजनी मंडळं मजेत पेटी बडवत होती!)

तर केसकर नकोत. पण गंमत बघा, केसकर आणि ॲप यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही तुम्ही प्रत्यक्ष भेटत नाही. केसकर म्हणतात तुला चांगलं काय ते मला कळतं, ॲप म्हणतं तुला आवडतं काय ते मला कळतं, आणि उलट प्रश्न दोघांनाही विचारता येत नाही. मित्र ऐकवतो तेव्हा त्याला म्हणता येतं, ‘काय भंगार लावलंस बे!’ मग तो चिडतो, मग सांगतो की मधला तो तुकडा ऐक, तिथं बघ ढोलकी कशी मागे राहते. मग आपण पुन्हा ऐकतो. नवं संगीत कानात शिरतं ते या भांडणातून. पहिल्या फटक्यात आवडतं ते बहुतेक वेळा नवं नसतंच. ॲपवर तर पहिले काही सेकंद आवडलं नाही की अंगठा पुढे सरकतो, आणि मशीन नोंद करतं की हा प्रकार यांना नको. पाच सेकंदांचा आळस आणि एक अख्खा प्रांत आपल्यासाठी बंद!

‘पण “तांबडी चामडी” तर रील्सवरूनच गाजलं की!’ बरोबर. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ते मराठी हाउस गाणं २०२४ मध्ये देशभर वाजलं आणि हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सपर्यंत पोचलं. आनंदच आहे. मशीनला वणवा पसरवता येतो, नाही कोण म्हणतो? पण पहिली काडी कुणीतरी माणूसच ओढतो. मराठीत हाउस करून बघू असं एका माणसाला वाटावं लागतं आणि ते ऐकून दुसऱ्याला पाठवावंसं वाटणारा एक माणूस लागतो.

मग करायचं काय? उपदेश करत नाही, मी आणि चार मित्र गेली दोन वर्षं जे करतो ते सांगतो. महिन्यातल्या एका विकांताला प्रत्येकानं एकच गाणं आणायचं. अट एक : ते बाकीच्यांच्या घरात वाजण्याची शक्यता कमीत कमी हवी. अट दोन : पूर्ण ऐकायचं, मध्ये फोन नाही, बोलणं नाही. अट तीन : आणणाऱ्यानं का आणलं ते दोन वाक्यांत सांगायचं, ‘मस्त आहे’ हे कारण चालणार नाही. यातून आमच्याकडे काय काय आलं बघा : आरेच्या जंगलावरचं ‘द वारली रिव्होल्ट’, ज्यात मुंबईच्या स्वदेशी गटाच्या पोरांबरोबर प्रकाश भोईर आहेत. अमरावतीच्या विपिन तातडचं रॅप. गिटार-बेसवर अभंग घेणारे अभंग रिपोस्ट. कुमारजींनी माळव्यात बसून लोकधुनांमधून काढलेले राग. आणि एकानं तर आपल्या आजीनं म्हटलेली भुलाबाईची गाणी फोनवर रेकॉर्ड करून आणली. त्या रेकॉर्डिंगच्या मागे मिक्सर चालू आहे, शेजारी कुणीतरी खोकतंय, आणि आम्ही पाचही जण ते तीनदा ऐकलं.

त्या आजीच्या गाण्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण खरा जीव तिथं अडकलाय. रॅपवाल्या पोराला आज ना उद्या कुणी विचारेल. आजीला वेळ नाही. तिच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण नाही, म्हणून ती कुठल्या ॲपवर नाहीत, आणि ज्या मुलींनी ती उचलायची त्या संध्याकाळी फोनमध्ये आहेत. साडेचार कोटी न वाजलेल्या गाण्यांना निदान मोजलं तरी गेलं, आजीचं गाणं त्या यादीतही नाही. एदो बौमनला तबकडी सापडली कारण तबकडी होती. आजीची तबकडी कुठल्या दुकानात सापडायची?

तेव्हा मंडळी, या दिवाळीला गावी जाल तेव्हा एक करा. फोन काढा, समोर धरा आणि आजीला, आत्याला, शेजारच्या मावशीला म्हणा, गा. कोण गातंय, कुठल्या गावचं, कुठल्या सणाचं, हे सुरुवातीला बोलून ठेवा. मग ती फाइल तुमच्या आळीत ठेवू नका, जो तुमच्यासारखा अजिबात नाही अशा एकाला पाठवा आणि बदल्यात त्याच्याकडून एक गाणं मागा. आवडलं नाही तर भांडा. पण पूर्ण ऐकून भांडा.

आणि ऑफिसातले ते सहा जण हे वाचत असतील तर... पुढच्या विकांताला जागा आहे. येताना एक गाणं घेऊन या. अट एकच, ते माझ्यासारख्याला आवडेल असं नको.